दिलेली नावं

भाताच्या पेजेत बोट बुडवून वारलूने ते नोटिशीच्या मागे चारही कडांनी फिरवलं आणि कागद डाकघराच्या भिंतीवर दाबला. मधे फुगा राहिला. तळहाताने तो सारखा करत असताना मागून आवाज आला.

“काय लावून राह्यले, वारलूभाऊ?”

रुखमाबाई होती. कमरेवर मोहाच्या फुलांची टोपली. पहाटेपासून जंगलात वेचणी करून ती आत्ता परतत होती, आणि कोसमगुड्यातली बहुतेक माणसं डाकघरापाशी येताच थांबत तशी थांबली होती. डाकघर म्हणजे वारलूच्याच घराची ओसरी. टेबल, स्टूल, तराजू, लोखंडी पेटी आणि दारावर लाल पाटी. आसपासच्या पाच गावांचं टपाल सव्वीस वर्षं तोच पाहत होता. आलेली थैली तोच उघडायचा, शिक्के तोच मारायचा, सायकलवरून पत्रं तोच वाटायचा आणि ज्यांना वाचता येत नसे त्यांना वाचूनही तोच दाखवायचा.

“तहसीलची नोटीस हाय,” तो म्हणाला.

“वाचा ना जी.”

त्याने वाचली. चंद्रपूरच्या ज्या विक्कीने टपालाने नोकरीची खोटी पत्रं पाठवून या भागातल्या पोरापोरींना फसवलं, त्याची मालमत्ता कोर्टाने जप्त केली होती. ती विकून येणारा पैसा फसलेल्या लोकांना वाटायचा होता. ज्यांचं नुकसान झालं त्यांनी येत्या गुरुवारी पुराव्याच्या कागदांसह तहसील कचेरीत हजर राहावं.

“म्हंजे त्याचं घर इकून आमाले देनार?”

“घर, गाडी, भद्रावतीचा प्लॉट, समदं. आधी मानूस जेलात जाये, पन घर त्याच्या बायकोपोराईजवळच राहे. आता कायदा कडक झाला. फसवनुकीच्या पैशातून जे घेतलं ते सरकार काढून घेते अन् ज्याचं गेलं त्याले देते.”

रुखमाबाईने टोपली खाली ठेवली. तिच्या चेहऱ्यावर एकदम आशा आली आणि तशीच थांबली.

“पन पुरावा कोनता दाखवाचा? पत्र त त्यायनं आलापल्लीच्या मंडपातच पैशासंगं जमा करून घेतलं. पावती बी देल्ली नाई.”

“हो.”

“तुमी त होते ना. माझ्या आंगनात बसून तुमीच वाचून देल्लं होतं. तुमी सांगजा साहेबाले.”

वारलूने बोटावरची पेज धोतराला पुसली. नोटीस घट्ट बसली होती, तरी त्याने तिचा एक कोपरा पुन्हा दाबला.

“सांगीन,” तो म्हणाला.

विक्की पहिल्यांदा आला तो दोन वर्षांपूर्वी, भाताच्या रोवणीच्या दिवसांत. मोटरसायकल चिखलात फसली म्हणून पायी आला होता. पोटऱ्यांपर्यंत चिखल, पण हातातली बॅग कोरडी. वारलूच्या बायकोने, कमळेने, त्याला पाय धुवायला पाणी दिलं, चहा दिला. बोलायला मऊ होता. म्हणाला, आरोग्य खात्यासाठी गावोगावी सहायक भरायचे आहेत, शहरातल्या पोरांना खबर लागते आणि इकडच्या पोरांना लागेपर्यंत जागा भरून जातात. आमची संस्था थेट घरी पत्र पाठवते. फक्त बारावी झालेल्यांची नावं पाहिजेत. “अन् गावातलं घर न् घर तुमच्याशिवाय कोनाले माहीत हाय, काका?”

हे खरंच होतं. वारलूने शाळकरी वही काढली आणि तिथेच बसून लिहायला सुरुवात केली. पहिलं नाव लिहिलं ते रुखमाबाईच्या उर्वशीचं. पाच गावांत तिच्याइतके मार्क कोणाला नव्हते. मग पुढची आठवत गेली. तेवीस नावं झाली. विक्कीने त्यांची नक्कल करून घेतली आणि जाताना म्हणाला, “तुमची मेहनत फुकट कशी घ्याची? ज्याचं पत्र तुमी हातात द्यान, वाचून समजावून सांगान, त्याचे दोनशे रुपये.”

पत्रं यायला लागली. साधं टपाल, निळ्या अक्षरांत छापलेली पाकिटं, आत शिक्का. निवड झाली आहे, अमुक तारखेला आलापल्लीच्या मंडपात मूळ पत्र आणि प्रशिक्षणाची अनामत रक्कम जमा करावी. वारलू घरोघरी ती वाचून दाखवायचा. वाचताना त्यालाही बरं वाटायचं. ज्या घरात आजवर बँकेच्या नोटिशीशिवाय पाकीट गेलं नव्हतं, तिथे तो नोकरी घेऊन जात होता. घरी आल्यावर वहीत त्या नावापुढे खूण करायचा, तारीख टाकायचा. महिन्याकाठी विक्की यायचा आणि खुणा मोजून पैसे द्यायचा.

अकरा पत्रं वाटून झाल्यावर एक दिवस थैलीत वरच्या डाकघराचं परिपत्रक आलं. टपालाने बनावट नेमणूक पत्रं येत आहेत, नागरिकांनी सावध राहावं, ही सूचना दर्शनी भागात लावावी. वारलूने ते दोनदा वाचलं. मग उद्या लावू म्हणून तराजूखाली ठेवलं. दुसऱ्या दिवशी ज्या पोराला त्याने आठवड्यापूर्वी पत्र वाचून दाखवलं होतं तो पोस्टाचं तिकीट घ्यायला आला. त्याच्यादेखत भिंतीवर तो कागद कसा लावायचा, म्हणून त्या दिवशीही राहिलं. तिसऱ्या दिवशी त्याने परिपत्रकाची घडी घालून ते वहीत ठेवून दिलं. कदाचित ही पत्रं ती नसतील, असं तो स्वतःला सांगत राहिला.

चौथ्या दिवशी उर्वशीचं पत्र आलं.

ते त्याने दोन दिवस पेटीतच ठेवलं. तिसऱ्या दिवशी रुखमाबाईने स्वतःच विचारलं, “बाकीच्याईचं आलं, माझ्या पोरीचं काऊन नाई आलं?” तेव्हा तो घेऊन गेला. अंगणात बाज टाकली होती. उर्वशी दाराशी उभी राहून ऐकत होती. वाचून झाल्यावर तिने एकच विचारलं.

“काका, माझा गडचिरोलीले नर्सिंगला नंबर लागला हाय. सोमवारपर्यंत फी भराची हाय. ते भरू का हे नोकरी घेऊ? दोन्हीसाठी पैसे नाई.”

सांगायची वेळ हीच होती. तोंडात शब्द आलेही होते. पण रुखमाबाई त्याच्याकडे पाहत होती, तिचा नवरा गुणवंतराव बाजेवर सरकून त्याला जागा करून देत होता, आणि आधीच्या अकरा घरांमधली माणसं त्याला डोळ्यांपुढे दिसत होती.

“हातची नोकरी काऊन सोडाची?” वारलू म्हणाला.

घरी येऊन त्याने वहीत पहिल्या नावापुढे खूण केली. त्यानंतरही पत्रं येतच राहिली आणि तो ती वाटत राहिला. मंडपात सगळ्यांची पत्रं आणि अनामत जमा झाली त्या दिवसानंतर विक्की पुन्हा कधी आला नाही. पोलिसांनी त्याला नागपुरात पकडलं तेव्हा पेपरात फोटो आला. त्याने पोलिसांना वारलूचं नाव का सांगितलं नाही, हे वारलूला कधीच कळलं नाही. कदाचित त्याच्या लक्षातही नसेल.

नोटीस लावली त्या दुपारी वारलूने पेटीच्या तळातून वही काढली. कमळा भात निवडत होती. तिने सुपातून मान वर न करता विचारलं.

“ते आतापर्यंत जपून काऊन ठेवली?”

“माहीत नाई.”

“चुलीत घाला. चूल पेटलीच हाय.”

तो वही घेऊन तसाच उभा राहिला. स्वयंपाकाच्या खोलीवर टिनं होती. सहा नवी टिनं, विक्कीच्या पैशातून घेतलेली. आधी तिथे गवत होतं आणि पावसाळ्यात कमळा छत्री धरून भाकरी करायची.

“लोकाईपाशी कागद नाई,” तो म्हणाला. “हेच एक हाय. कोनाले पत्र आलं, कवा आलं, समदं हेच्यात हाय.”

“अन् तुमी काय केलं ते बी हाय.”

“हो.”

कमळेने सूप झटकलं. “माझी म्हातारपनाची सोय पाहा म्हनतलं नाई मी तुमाले कधी,” ती म्हणाली. “पन जेलात डबा कोन घेऊन येईन?”

त्याने वही चुलीत घातली नाही आणि पेटीतही परत ठेवली नाही. टपालाच्या खाकी पिशवीत टाकून तो पत्रं वाटायला निघाला.

हापशीवर उर्वशी होती. चार दिवसांपूर्वीच ती तेलंगणातून मिरची तोडून परतली होती, गावातल्या वीस जणींबरोबर. मिरचीने बोटांची सालं निघाली होती. एका भांड्यात ताक होतं आणि तिने त्यात दोन्ही हात बुडवून ठेवले होते.

“लय जळते का?” त्याने विचारलं.

“रातच्यानं जास्त जळते. मलम आनला, पन लावला का पुसून जाते.”

“कुठून आनला?”

“उपकेंद्रातून. तिथी रंजीता हाय ना आता. सिस्टर.” तिने हात ताकातून काढून पाहिले आणि पुन्हा बुडवले. “माझ्या जागी तिचा नंबर लागला होता, काका. वेटिंगवर होती. मी फी नाई भरली म्हून तिले भेटला. आता शिकता शिकता इथीच पाठवलं तिले. चांगली सुई लावते, दुखत नाई.”

ती तक्रार करत नव्हती. रंजीताबद्दल ती खरोखरच चांगलं बोलत होती. वारलूने सायकल ढकलली. पुढच्या गावची तीन पत्रं होती, त्यातलं एक त्याने चुकीच्या घरी दिलं. सव्वीस वर्षांत असं झालं नव्हतं. ते घ्यायला पुन्हा मागे जावं लागलं.

गुरुवारी तहसील कचेरीच्या आवारातल्या चिंचेखाली माणसं बसली होती. वारलूच्या पाच गावांतलीच तेवीस घरं होती, शिवाय इतर भागांतली. आत नायब तहसीलदार शिरीन काझी एकेकाला बोलावत होत्या. त्यांच्या बाजूला लेखनिक गफ्फारभाई रजिस्टर उघडून बसले होते. वारलूला साक्षीदार म्हणून भिंतीलगतच्या बाकावर बसवलं होतं, त्यामुळे त्याला सगळं ऐकू येत होतं.

“पत्र आहे?”

“जमा करून घेतलं, मॅडम.”

“पावती?”

“नाई देल्ली.”

“मोबाइलमध्ये फोटो वगैरे?”

“तवा मोबाइल नव्हता.”

दोन पोरांकडे फोटो निघाले. बाकीचे हात जोडून उभे राहत, पुन्हा पुन्हा तेच सांगत, आणि गफ्फारभाई त्यांच्या नावापुढे ‘पुरावा नाही’ असं लिहीत. रुखमाबाईची पाळी आली तेव्हा तिने वारलूकडे बोट दाखवलं. “हे होते जी. यायनंच वाचलं.”

शिरीन मॅडमनी चष्मा काढून डोळे चोळले.

“बाई, तुम्ही सगळे खरं बोलताय हे मला दिसतं. पण विक्कीच्या वकिलाने लिहून दिलंय की या गावांत त्याने एकही पत्र पाठवलं नाही. उद्या कोर्ट मला विचारेल, कशावरून पाठवलं? तेव्हा मी काय दाखवू?” त्या वारलूकडे वळल्या. “तुमच्याकडे नोंद नसते?”

“रजिस्ट्रीची राहते. साध्या टपालाची नाई राहत.”

“म्हणूनच त्याने साधं पाठवलं. तुम्हाला आठवतं कोणाकोणाला आलं ते?”

“आठवते.”

“आठवण कोर्टात फार टिकत नाही हो. त्याच वेळी लिहिलेलं काही असतं तर…”

रुखमाबाई अजून तिथेच उभी होती. शिपायाने तिला बाहेर जायची खूण केली. ती निघाली, दारात थांबून एकदा मागे वळली आणि गेली. वारलूने खाकी पिशवीचा बंद सोडला, वही काढली आणि टेबलावर ठेवली.

शिरीन मॅडमनी पान उलटलं. मग खुर्ची पुढे ओढली.

“नाव, गाव, शिक्षण… आणि ही तारीख? पत्र दिल्याची?”

“हो.”

“हे त्याच वेळी लिहिलंय तुम्ही?”

“त्याच दिवशी.”

“गफ्फारभाई, हे बघा.” त्यांचा आवाज बदलला होता. सकाळपासून पहिल्यांदाच त्यांना कुठेतरी धागा सापडला होता. “आपल्या कचेरीत एवढं नीट कोणी लिहीत नाही. वारलूजी, तुम्ही या लोकांवर केवढे उपकार केलेत तुम्हाला कळतंय का? मी तुमच्या वरिष्ठांना पत्र लिहिणार आहे.”

गफ्फारभाईंनी वही रजिस्टरशी जुळवायला घेतली. एकेका नावापुढचं ‘पुरावा नाही’ खोडत गेले. मग साक्षीदाराचा जबाब लिहू लागले आणि लिहिता लिहिता मोठ्याने म्हणत गेले. सदर डाकसेवकाने टपाल वाटपाची खासगी नोंद दक्षतेने ठेवली असून…

वारलू ऐकत होता. वर पंखा फिरत होता. मोठ्या कचेरीत कोणी इतकं चांगलं त्याच्याबद्दल आजवर लिहिलं नव्हतं. आता सही करून बाहेर जायचं, एवढंच राहिलं होतं. लोकांनाही मिळालं असतं, कमळेलाही डबा घेऊन कुठे जावं लागलं नसतं. त्याचा हात पेनापर्यंत गेलाही.

“मॅडम, एक आहे पण,” गफ्फारभाई थांबले. “यावरून पत्रं आली एवढंच दिसतं. विक्कीनेच पाठवली, हे नाही येत यात.”

“हो,” शिरीन मॅडम म्हणाल्या. “ते कमीच पडतंय. तरी काहीच नसण्यापेक्षा बरं. बघू कोर्ट किती मानतं ते. सही करा, वारलूजी.”

वारलूने पेन खाली ठेवलं.

“नावं आधीची हायत,” तो म्हणाला.

“म्हणजे?”

“पत्र यायच्या आधीची. आधी मी नावं लिवली. मंग त्यानं पत्रं धाडली. त्याले नावं मीच देल्ली होती.”

गफ्फारभाईंचं लिहिणं थांबलं.

“या खुणा?” शिरीन मॅडमनी विचारलं. आवाज खाली आला होता.

“ज्याचं पत्र वाचून देल्लं त्याची खून. एका खुनंचे मले दोनशे रुपये भेटत. विक्की मोजून दे. पयल्या पानावर खालतं त्याची सही बी हाय, किती नावं नेली त्याची. मीच घेतली होती. पोस्टाची सवय.”

शिरीन मॅडमनी पहिलं पान पुन्हा उघडलं. तळाशी निळ्या शाईत तिरपी सही होती. इतका वेळ ती कोणाच्या लक्षात आली नव्हती. त्यांनी शिपायाला दार लोटून घ्यायला सांगितलं.

“तुम्ही काय बोलताय ते समजतंय ना तुम्हाला? मी हे लिहिलं की पोलिसांकडे जाणार. टोळी करून फसवणूक केली तर आता पूर्वीसारखं नाही राहिलं, शिक्षा कडक झाली आहे. तुम्हाला त्यात धरलं तर नोकरी जाईल. कदाचित आतही जाल.”

“हो जी.”

“तुम्हाला माहीत होतं, पत्रं खोटी आहेत?”

“पयल्या अकराच्या वक्ती माहीत नव्हतं.” त्याने पिशवीतून परिपत्रक काढलं. घडीवर कागद फाटायला आला होता. “मंग हे आलं. हे भिंतीले लावाचं होतं. मी लावलं नाई. बाकीची बारा याच्यानंतरची हायत.”

पंख्याखाली तो कागद उडू लागला तेव्हा गफ्फारभाईंनी त्यावर पट्टी ठेवली.

“त्या पैशाचं काय केलं?” शिरीन मॅडमनी विचारलं. आता त्या चष्मा लावून सरकारी आवाजात बोलत होत्या.

“सहा टिनं घेतली. स्वैपाकाच्या खोलीवर हायत.”

गफ्फारभाईंनी मॅडमकडे पाहिलं. “लिहा,” त्या म्हणाल्या. “त्या पैशातून घेतलेलं सगळंच लिहावं लागतं.” गफ्फारभाईंनी लिहिलं, टिनाचे पत्रे, नग सहा. आधी लिहिलेला जबाब फाडून टाकला आणि कोऱ्या कागदावर पहिल्यापासून सुरुवात केली. वारलूने या वेळी शेवटपर्यंत ऐकून सही केली.

चिंचेखाली सगळे उठून उभे राहिले. रुखमाबाई पुढे आली.

“झालं का, भाऊ? नाव घेतलं का?”

“घेतलं. तेवीसच्या तेवीस घेतली.”

कोणीतरी हसलं, कोणीतरी डोक्यावरचा दुपट्टा सोडून तोंड पुसलं. रुखमाबाईने भाकरीचं गाठोडं सोडायला घेतलं. “बसा. सकाळपासून उपाशी असान तुमी.”

“बाई, थांबा जरा,” वारलू म्हणाला. “विक्कीले तुमची नावं मी देल्ली होती. पैसे घेऊन. आत सांगून आलो, म्हून नावं घेतली त्यायनं.”

मागच्या बाजूला बसलेल्या एका म्हाताऱ्याला नीट ऐकू आलं नव्हतं. “काय म्हने?” त्याने शेजाऱ्याला विचारलं. मग वारलूने तेच पुन्हा सांगितलं, या वेळी मोठ्याने, म्हाताऱ्याकडे तोंड करून.

कोणी अंगावर आलं नाही. रुखमाबाईच्या हातात सोडलेली गाठ तशीच राहिली होती.

“उर्वशीचं पत्र आनलं तवा,” तिने विचारलं, “तुमाले माहीत होतं?”

“होतं.”

“ते फीचं विचारत होती तवा?”

“तवा बी.”

मग तिने गाठोडं पुन्हा बांधलं, दोनदा गाठ मारून. चारची बस लागली तेव्हा सगळे चढले. वारलू चिंचेखालीच उभा राहिला. कंडक्टरने दोनदा विचारलं, त्याने नाही म्हणून मान हलवली. तो सहाच्या बसने आला.

पुढे तीन दिवसांनी पोलीस आले. त्यांनी जबाब घेतला, छताखाली उभं राहून टिनं मोजली आणि ती विकू नयेत, हलवू नयेत असं लिहून सही घेतली. बोलावलं की यायचं, असं सांगून गेले. कमळा पूर्वीसारखीच त्या टिनांखाली स्वयंपाक करत होती. ती त्याला जेवायला वाढायची, पण ताट ठेवून बाहेर जाऊन बसायची. लोकांचं टपाल यायचं तसं येत होतं. वारलू दारात जाऊन द्यायचा, माणसं घ्यायची. वाचून द्या, असं कोणी म्हणत नव्हतं. गुणवंतरावाने बँकेचं एक पत्र त्याच्या हातून घेतलं आणि त्याच्यादेखतच शाळेकडे निघाला, गुरुजींकडून वाचून घ्यायला.

तहसीलमधून कळलं की तेवीसही नावं कोर्टात गेली. विक्कीच्या सहीचं पान वकिलाला खोडून काढता आलं नव्हतं.

दुसऱ्या आठवड्यात डाक निरीक्षक जीप घेऊन आले. वारलूला कामावरून दूर केल्याचा आदेश त्यांनी त्याच्या हातात दिला आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घेतली. मग ओसरीवर टेबलाला लागून टाकलेल्या बाजेवर बसून एकेक वस्तू ताब्यात घेतली. शिक्के, तराजू, पेटीची किल्ली, थैली. वारलूने सगळं पुसून ठेवलं होतं. निरीक्षक तरुण होते, वैतागलेले होते आणि उन्हं चढायच्या आत त्यांना परतायचं होतं.

“डाकघर तर बंद ठेवता येणार नाही,” ते म्हणाले. “तात्पुरतं कोणीतरी पाहिजे. दहावी पास, गावातलंच. महिन्याचं मानधन मिळेल, आणि पुढे जागा निघाली तर इथलाच अनुभव कामाला येईल. तुम्हाला तर घर न् घर माहीत आहे. नाव सांगा.”

त्यांनी कागद पुढे ओढला आणि पेन उघडून थांबले.

वारलूच्या ओठांवर नाव आलं. ते एकच होतं. रस्त्यापलीकडे हापशीवर ती पाणीच भरत होती. हे नाव सांगितलं तर तिचं भलंच होणार होतं, यात काही शंका नव्हती.

“मी नावं नाई देत, साहेब,” तो म्हणाला.

“अहो, यात वाईट काय आहे? कोणाचं तरी चांगलंच होईल.”

“होईन. पन मी नाई देत.”

निरीक्षकांनी पेन मागे घेतलं. “सव्वीस वर्षं टपाल वाटलंत ना इथे?”

हापशीचा आवाज थांबला होता. उर्वशीने पाण्याने भरलेला गुंड चौथऱ्यावर ठेवला, पदराला हात पुसले आणि रस्ता ओलांडून ओसरीच्या पायरीपाशी आली. वारलूकडे तिने पाहिलं नाही.

“मी करीन, साहेब,” ती म्हणाली. “बारावी झाली माझी.”

“सायकल येते?”

“येते.”

“पाच गावं आहेत.”

“माहीत हायत.”

निरीक्षकांनी पेन कागदावर टेकवलं आणि सवयीने वारलूकडे पाहिलं. “काय नाव हिचं?”

वारलू खाली पाहत होता. उर्वशी पायरी चढून वर आली आणि तिने हात पुढे केला. बोटांवर नवी, गुलाबी कातडी आली होती.

“द्या इकडे,” ती म्हणाली. “मीच लिवतो.”

टेबलाशी बसायला एकच स्टूल होतं. वारलू त्यावरून उठला.